फाईलला दुसरं नाव देण्याआधी

एका वर्षी आमच्या दिवाळी अंकाच्या कामात मी जो घोळ घातला, त्याचं खापर फोडायला माझ्याखेरीज दुसरं डोकं नव्हतं. अंकाच्या कामात आमचे दोन फोल्डर असतात, 'लेखकांकडून आलेलं' आणि 'अंकात घ्यायचं'. एकच लेख दोन्हीकडे लागतो. आधीच्या वर्षांत आम्ही सरळ कॉपी करायचो, आणि मग 'अंतिम', 'अंतिम २', 'अंतिम नक्की' अशी वंशावळ वाढत जायची. मुद्रितं तपासणाऱ्या ताई एका 'अंतिम'मधले ऱ्हस्वदीर्घ सुधारायच्या आणि जुळणीला दुसरंच 'अंतिम' जायचं. या त्रासाला कंटाळून मी हार्ड लिंक वापरली. दोन-चार आज्ञा दिल्या आणि सगळे लेख दोन्ही फोल्डरांत दिसू लागले, डिस्कवरची जागा मात्र एकदाच खर्च झाली. दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडलो.

मग संपादकांनी एक लांबलचक लेख कापून निम्म्यावर आणला. अंक छापून आला, वाटपही झालं, आणि लेखिकेचा फोन आला. त्यांचा संगणक मधल्या काळात बसला होता. "कापलेला भाग मला पुस्तकात घ्यायचाय, माझी मूळ फाईल तेवढी पाठवता का?" मी म्हटलं, "अहो, पाठवतो की. मूळ जसंच्या तसं ठेवलंय." 'लेखकांकडून आलेलं' उघडलं, तर तिथेही लेख निम्माच. त्यांनी पाठवलेली पहिली ईमेल खणून काढली, तिला मूळ लेख जोडलेला सापडला, म्हणून अब्रू वाचली.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. हार्ड लिंक ही सोय तुमच्या संगणकात आधीपासून आहे, फुकट आहे, कामाचीही आहे. ती जरूर वापरा. पण ती फाईलला दुसरं नाव देते, दुसरी प्रत देत नाही. मी हे वाक्य पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र त्या फोननंतर.

फाईल म्हणजे तिचं नाव, अशी आपली सर्वांची समजूत असते, कारण आपल्याला पडद्यावर नावच दिसतं. आतली व्यवस्था वेगळी आहे. फोल्डर ही एक नोंदवही असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत मुख्यतः दोनच गोष्टी असतात, एक नाव आणि एक क्रमांक. त्या क्रमांकाचं खातं डिस्कवर दुसरीकडे असतं. युनिक्स आणि लिनक्सच्या घराण्यात त्याला आयनोड म्हणतात. फाईलचा मालक कोण, वाचायची-लिहायची मुभा कुणाला, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवर कुठे कुठे ठेवलाय, हे सगळं त्या खात्यात. नाव मात्र तिथे कुठेच नाही. फाईलला स्वतःचं नाव माहीतच नसतं म्हणा ना! खात्यात एक छोटा आकडा तेवढा असतो. या क्रमांकाकडे बोट दाखवणाऱ्या किती ओळी साऱ्या नोंदवह्यांत मिळून आहेत, त्याची ती मोजणी.

प्रोग्रॅम स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे अर्ज करतो, आणि या अर्जाला सिस्टीम कॉल म्हणतात. 'लिंक' हा त्यातलाच एक. अर्जात रकाने दोन, सध्याचं नाव आणि हवं असलेलं नवं नाव. सिस्टीम काय करते? जुन्या नावावरून क्रमांक शोधते, नव्या नावाची ओळ नोंदवहीत लिहून तिच्यापुढे तोच क्रमांक टाकते, आणि खात्यातला आकडा एकाने वाढवते. संपलं. मजकुराला ती शिवतही नाही. म्हणून चार ओळींच्या पत्राला दुसरं नाव द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लग्नाच्या चार जीबीच्या व्हिडिओला लागतो.

आपल्याकडे घरात बंडू आणि शाळेच्या हजेरीत दत्तात्रय असा मुलगा गल्लोगल्ली असतो. बंडूला ताप आला आणि दत्तात्रय मात्र ठणठणीत, असं कधी होत नाही. हार्ड लिंकचं तसंच. एका नावाने फाईल उघडून तुम्ही परिच्छेद कापलात, की दुसऱ्या नावानेही तो कापलेलाच दिसणार. एका नावाने 'फक्त वाचण्यासाठी' असं बंधन घातलंत, तर ते दुसऱ्या नावालाही लागू, कारण बंधन खात्यावर असतं, नावावर नसतं. आणि या दोन नावांत थोरलं-धाकटं काही नाही. दुसरं नाव दिल्यानंतर पहिलं नाव कोणतं होतं, हे त्या खात्यात कुठेही लिहिलेलं नसतं. 'मूळ' आणि 'लिंक' हा भेद तुमच्या मनात राहतो, डिस्कवर राहत नाही. माझं चुकलं ते नेमकं इथे. एका फोल्डरला मी 'आलेलं' असं नाव दिलं होतं, म्हणून त्यातली फाईल मूळ राहील, असं धरून चाललो होतो.

डेस्कटॉपवरचा शॉर्टकट ही वेगळी चीज आहे, तिची गल्लत करू नका. शॉर्टकट म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मूळ फाईल हलवली वा पुसली की चिठ्ठी बहुधा हातात राहते आणि घराला कुलूप दिसतं. हार्ड लिंकमध्ये चिठ्ठी नाही. तिच्यात घराला दोन दारं असतात, आणि एक दार बुजवलं तरी दुसऱ्यातून आत जाता येतं.

यावरून पुसण्याची गोष्टही लक्षात घ्या. युनिक्समध्ये फाईल पुसण्याच्या सिस्टीम कॉलचं नाव 'डिलीट' असं नाहीच, ते 'अनलिंक' आहे. नाव चपखल आहे. तो कॉल नोंदवहीतली ओळ खोडतो आणि खात्यातला आकडा एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला आणि कुठल्याही प्रोग्रॅमने ती फाईल उघडून ठेवलेली नसली, तरच डिस्कवरची जागा मोकळी होते. डिस्क भरली म्हणून तुम्ही मोठा व्हिडिओ पुसता, कचरापेटीही रिकामी करता, आणि रिकाम्या जागेचा आकडा तसूभर हलत नाही. अशा वेळी संगणकाला शिव्या घालण्याआधी तपासा. त्याचं दुसरं नाव कुठेतरी जिवंत असेल, किंवा एखादा प्रोग्रॅम ती फाईल अजून धरून बसला असेल. उलट बाजूने, गुपचूप राहावा असा कागद एका फोल्डरमधून पुसून निर्धास्त झालात आणि त्याचं दुसरं नाव सामायिक फोल्डरमध्ये राहिलं, तर कागद गेलेला नाही.

ही कल्पना कालपरवाची नाही. १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ नावाच्या यंत्रावर युनिक्सची पहिली आवृत्ती उभी केली, तेव्हापासून लिंक आहे. त्या यंत्रावर आजच्यासारखे तिरप्या रेघा घातलेले लांब पत्ते लिहिण्याची सोयच नव्हती. एका वेळी एकच साधं नाव द्यायचं. ती उणीव लिंक वापरून भागवली जायची, असं थॉम्पसन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी पुढे लिहून ठेवलंय. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात 'लिंक' आणि 'अनलिंक' हे दोन्ही कॉल आहेत, आणि आजच्या लिनक्समध्ये ते त्याच नावांनी चालतात. विंडोजमध्ये विंडोज २००० पासून प्रोग्रॅमना यासाठी थेट कॉल मिळाला, आणि 'एमकेलिंक' ही आज्ञा व्हिस्टापासून आली.

आज्ञा देताना एक गंमत सांभाळा. लिनक्स आणि मॅकवर 'एलएन' या आज्ञेत आधी जुनं नाव, मग नवं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'एमकेलिंक' पुढे तिरपी रेघ देऊन 'एच', मग आधी नवं नाव आणि शेवटी जुनं. दोन्हींचा क्रम उलटा का ठेवला, ते ठेवणारे जाणोत. नावं उलटसुलट झाली तरी नुकसान मात्र होत नाही, कारण नवं म्हणून दिलेलं नाव आधीच अस्तित्वात असेल तर लिंक कॉल त्याच्यावर गाढवाचा नांगर फिरवत नाही, तो सरळ नकार देतो. पण हे साध्या आज्ञेपुरतं. 'एलएन'ला जबरदस्तीचा 'एफ' जोडलात, तर ती आज्ञा आधीचं नाव पुसून मगच लिंक करते. हाताला ती सवय लावू नका.

हार्ड लिंक कशासाठी वापरावी, हे विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. जे कधी बदलायचं नाही, त्यासाठी. सातबाऱ्याचा उतारा स्कॅन करून ठेवलाय, तो 'शेती' फोल्डरमध्येही हवा आणि 'वडिलांची कागदपत्रं' यातही. खरेदीखत, जुनी हस्तलिखितं, गावच्या जत्रेचे फोटो, जे वर्षाच्या फोल्डरमध्येही लागतात आणि माणसाच्या फोल्डरमध्येही. एक फोटो 'जत्रा'मध्ये, 'आजी'मध्ये आणि 'भिंतीवर लावायचे' यामध्ये, तिन्हीकडे ठेवा. जागा एकाचीच लागेल. वर 'फक्त वाचण्यासाठी' एवढं बंधन घाला, म्हणजे चुकून हात लागला तरी बिघडणार नाही.

ज्यावर अजून काम चालू आहे, अशा फाईलला मात्र हार्ड लिंक नको. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच जास्त फसतात. प्रोग्रॅम फाईल जतन करतात ते दोन तऱ्हांनी. काही प्रोग्रॅम त्याच खात्यातला मजकूर जागच्या जागी बदलतात. विंडोजचं नोटपॅड तसं करतं, आणि आमचे लेख साध्या मजकुराच्या फायलींत असल्यामुळे संपादकांची कात्री दोन्हीकडे चालली. दुसऱ्या तऱ्हेचे प्रोग्रॅम जास्त सावध असतात. मध्येच वीज गेली तर जुनं तरी शाबूत राहावं, म्हणून ते नवा मजकूर आधी वेगळ्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितात, मग जुनं नाव काढून ते नव्या फाईलला देतात. वर्ड पूर्वापार असंच करत आलंय. यात होतं काय, की तुम्ही ज्या नावाने फाईल उघडली ते नाव आता नव्या खात्याकडे बोट दाखवतं आणि दुसरं नाव जुन्याच खात्याला चिकटून राहतं. लिंक तुटली, आणि कुणी सांगितलंही नाही. दोन्ही फोल्डर पहिल्यासारखेच दिसतात.

म्हणजे एका प्रोग्रॅमने उघडाल तर दोन्हीकडे बदल, दुसऱ्याने उघडाल तर एकीकडेच. कार्यालयात चार माणसं चार प्रोग्रॅम वापरत असतील, तर कुठल्या फाईलचं काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा जागी कॉपी करा, जागा गेली तर जाऊ द्या. हार्ड डिस्क आता इतकी महाग राहिलेली नाही.

एकसारख्या फायली शोधून देणारे काही प्रोग्रॅम 'जादा प्रतींच्या जागी हार्ड लिंक करू का?' असंही विचारतात. फोटोंच्या जुन्या साठ्यावर 'हो' म्हणायला हरकत नाही, पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. यातली एखादी प्रत मी मुद्दाम, जपून ठेवायला म्हणून केली होती का? तसं असेल तर 'हो' म्हणताच तुमची ती राखीव प्रत गेली. नाव शिल्लक राहील, पण आधाराला काही उरणार नाही. डिस्कचा तो कोपरा खराब झाला की सगळी नावं एकदमच आंधळी. खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि त्याने फाईल जागच्या जागी कुलूपबंद केली, तर तिची दहा नावं असली तरी दहाही नावांनी कुलूपच दिसेल.

आता यावर कुणी म्हणेल, की बॅकअपसाठी हार्ड लिंक वापरतात असं ऐकलंय. बरोबर ऐकलंय. ॲपलने २००७ साली लेपर्ड या आवृत्तीबरोबर टाइम मशीन आणलं, ते याच जोरावर. लिनक्सवाले आर-सिंकने तसंच करतात. रोजचा एक फोल्डर. त्यात सोमवारी सगळ्या फायली उतरवून घेतल्या. मंगळवारी ज्या बदलल्या तेवढ्याच नव्याने उतरवायच्या, बाकीच्यांना मंगळवारच्या फोल्डरमध्ये नुसतं दुसरं नाव द्यायचं. पाहणाऱ्याला प्रत्येक दिवसाचा फोल्डर संपूर्ण दिसतो, जागा मात्र फक्त बदलांपुरती लागते. सोमवारचा फोल्डर काढून टाकला तरी मंगळवारचं काही बिघडत नाही, कारण त्या फायलींची मंगळवारची नावं शाबूत आहेत. मला ही युक्ती फार देखणी वाटते. पण नीट पाहा, इथे मुळात फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवलेली आहे. राखणारी ती उतरवलेली प्रत आहे, हार्ड लिंकने फक्त तिथली जागा वाचवली. आणि जी फाईल महिनाभर बदलली नाही, तिच्या तीस दिवसांच्या तीस नोंदींमागे प्रत एकच आहे. म्हणून तो बॅकअप एका डिस्कवर ठेवून झोपू नका, अधूनमधून आणखी एका डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.

कुठे हार्ड लिंक होतच नाही, तेही पटकन सांगतो. क्रमांक त्या-त्या विभागापुरते असतात, म्हणून सी ड्राइव्हवरच्या फाईलला डी ड्राइव्हवर हार्ड लिंक मिळणार नाही. फोल्डरला सामान्य माणसाने हार्ड लिंक द्यायची सोय नाही, नाहीतर फोल्डर स्वतःच्याच पोटात शिरून चकरा मारत बसेल. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीची असतात, आणि त्या पद्धतींत ही व्यवस्थाच नाही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत एका फाईलला १०२४ नावं चालतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये ६५,०००. घरगुती कामात कुणी तिथवर जाणार नाही.

पेन ड्राइव्हवरून एक धोका मात्र आठवला. तिन्ही फोल्डरांत नाव असलेला फोटो तुम्ही तिन्ही फोल्डरांसकट पेन ड्राइव्हवर उतरवलात, तर तिथे तीन वेगवेगळ्या फायली होतात आणि तिप्पट जागा खातात. तो साठा परत संगणकावर आणलात तरी त्या तीनच राहतात. इंटरनेटवरच्या साठवणीतही बहुधा हेच होतं. नवा संगणक घेऊन जुन्याचा साठा त्यावर हलवताना हे आठवा, नाहीतर 'जुन्यात मावत होतं ते नव्यात का मावत नाही' म्हणून दुकानदाराशी भांडण व्हायचं.

मोजमापही फसवं असतं. विंडोज फोल्डरचा आकार दाखवतं तेव्हा एका फाईलची दोन नावं दोनदा मोजतं. याचा सर्वांत मोठा बळी म्हणजे विंडोजच्या पोटातला विनएसएक्सएस नावाचा फोल्डर. त्यातल्या कित्येक फायलींची दुसरी नावं सिस्टीम३२ सारख्या फोल्डरांत असतात, त्यामुळे त्याचा आकार आहे त्याहून पुष्कळ फुगलेला दिसतो. तो पाहून 'एवढी जागा अडवून बसलाय, उडवून टाका' असा सल्ला देणारे हुशार शेजारी भेटतात. ऐकू नका. तो फोल्डर हाताने साफ केलात तर जागा वाटते त्याहून खूपच कमी मिळेल आणि विंडोज मात्र कायमचं लंगडं होऊ शकेल. विंडोजची स्वतःची डिस्क साफ करण्याची सोय आहे, ती वापरा.

फाईलला किती नावं आहेत, ते पाहणं अवघड नाही. लिनक्स आणि मॅकवर 'एलएस' आज्ञेला 'एल' जोडलात, की परवानग्यांच्या लगेच पुढे जो आकडा दिसतो, तो खात्यातलाच आकडा. एक असेल तर नाव एकच. दोन किंवा जास्त असेल तर ती फाईल बदलण्याआधी थांबा आणि दुसरं नाव शोधा. विंडोजमध्ये नेहमीच्या प्रॉपर्टीजच्या खिडकीत हे दिसत नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'एफएसयुटिल हार्डलिंक लिस्ट' लिहून पुढे फाईलचं नाव दिलंत, की तिची सगळी नावं एकाखाली एक येतात.

कॉलेजात संगणक शिकणारी मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी चार शब्द. पायथॉनमध्ये 'ओएस डॉट लिंक' लिहिलंत की याच सिस्टीम कॉलचं दार वाजतं. नाव आधीपासून आहे का ते तपासून मग लिंक करायची, असा कोड लिहू नका. तपासणं आणि करणं यांच्या मध्ये दुसरा प्रोग्रॅम घुसू शकतो. थेट लिंक मागा आणि नकार आला तर तो हाताळा. एका नावासाठी दहा प्रोग्रॅमनी एकाच क्षणी लिंक मागितली तरी ती एकालाच मिळते. या गुणामुळे वर्षानुवर्षं लिंकचा उपयोग कुलपासारखा होत आला आहे. सामायिक यंत्रावर परक्याच्या फाईलला लिंक देताना नकार आला तर चक्रावू नका. २०१२ साली लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीत त्यावर अंकुश घालायची सोय आली, कारण दुसऱ्याच्या फाईलला आपल्या फोल्डरात नाव देऊन लबाडी करणारे होतेच.

आमच्या अंकाचं म्हणाल, तर आता लेख आला की त्याची खरीखुरी कॉपी 'लेखकांकडून आलेलं' मध्ये जाते आणि तिला लगेच 'फक्त वाचण्यासाठी' हे कुलूप लागतं. हार्ड लिंक आम्ही मुखपृष्ठाची चित्रं आणि छापून झालेल्या अंकांची पानं यांनाच देतो. ती वर्षानुसारही लागतात आणि चित्रकारानुसारही, आणि त्यात फेरफार कुणी करत नाही. संपादकांना मात्र अजून वाटतं, की ती भानगड संगणकाने केली होती.

एवढं वाचलंत तर आज रात्री दहा मिनिटं काढा. बिनकामाची एक फाईल तयार करा, तिच्यात एक ओळ लिहा आणि वर सांगितलेल्या आज्ञेने दुसऱ्या फोल्डरात तिला दुसरं नाव द्या. नोटपॅडसारख्या, जागच्या जागी बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती दुसऱ्या नावाने उघडून ओळ बदला, मग पहिल्या नावाने उघडून पाहा. नंतर पहिलं नाव पुसून टाका आणि दुसऱ्याने पुन्हा उघडा. आपले खरे फोटो आणि कागद त्यानंतरच हातात घ्या.